बिशपची खोली

पाहुण्यांना मी सांगते ते असं :
ही भिंत पावणेतीनशे वर्षांची, हात लावून बघा,
हा पलंग अक्रोडाचा, यावर एकदा एक बिशप झोपले होते,
खिडकीतून इम्बाबुरा दिसतो,
ढगांनी मनावर घेतलं तर.

निलगिरीचे ओंडके मी सहाला पेटवते.
साडेआठला रबरी पिशवीत कढत पाणी भरून
लोकरीची खोळ चढवून
पांघरुणाखाली पायाशी ठेवते.
पाहुणे जेवून येतात, पाय आत घालतात
आणि दचकतात.
आत कुणी जिवंत आहे असं वाटलं,
म्हणाली एक हॅम्बुर्गची बाई.

एकोणीस वर्षं.
किती पायांसाठी, ते मोजलं नाही.

मग त्या आठवड्यात रस्ता अडला.
पुलावर लोकांनी टायर पेटवले होते,
त्यांत माझा भाचा सायरी, तोंडाला रुमाल बांधून.
दोन आरक्षणं रद्द. बस नाही, मला घरी जाता येईना.
दोन्या एल्विरा म्हणाल्या,
नोकरांच्या खोलीत नळ गोठलाय, सातमध्ये झोप,
तयारच आहे ती.
आणि चष्मा पुसत : चादर मात्र एकच वापर.

तर मी पिशवी भरली. माझ्यासाठी.
वाजू नयेत म्हणून बूट हातात घेतले,
वाजले असते तरी ऐकणारं कोण होतं?
पलंगावर बसले, आडवी झाले, पाय आत घातले
आणि दचकले.

छत कधी पाहिलंच नव्हतं मी.
तुळयांवर सुतारानं खुणा कोरल्यात :
एक, दोन, तीन, पाच.
चौथी कुठं गेली?

झोप येईना.
गादी अंगाला विचारत होती, कुठं दुखतं,
आणि सगळीकडेच दुखत होतं.

दोनच्या सुमाराला उठून दार उघडलं.

माझा तायता नऊ वर्षांचा असताना
इथं, या दाराला आडवा,
मेंढीच्या कातड्यावर झोपायचा.
वाड्यावर राबायला पाळी असे, महिना महिना, घरटी एक माणूस.
त्या महिन्यात त्याचा बाप तापानं पडलेला, म्हणून हा.
आतून खोकला आला की निखारे न्यायचे.
हाक आली की जायचं,
खरं म्हणजे हाक यायच्या आत.
बिशप आले त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही त्याचा :
देवाच्याच माणसाला थंडी वाजली
तर गाऱ्हाणं कुणाकडे न्यायचं?
हे सांगताना तो हसायचा.
आम्ही लहान, आम्हीही हसायचो.

उंबऱ्याचा दगड मधोमध झिजलाय.
पाहुण्यांना मी सांगते, जपून, पाय अडखळेल.
जपतात.

पिशवी अजून कोमट होती.
ती त्या दगडावर ठेवावी असं आलं मनात,
पण गुडघे गार पडायला लागले.
नाही ठेवली.
दार ओढलं, कडी न लावता,
पिशवी पोटाशी धरली
आणि अशी झोपले की घंटाही ऐकू आली नाही.
तीच घंटा. पूर्वी जवाच्या रानावर हाकायची,
हल्ली न्याहारीला बोलावते.

सकाळी दोन्या एल्विरांनी पाहुण्यांची वही पुढं सारली,
थट्टेनं, पण सगळी थट्टाच नव्हे.
नाव. कुठून आलात. मुक्काम किती रात्री.
देल्फिना काचिमुएल, मी लिहिलं.
दुसऱ्या रकान्यात : दाराबाहेरून.
तिसऱ्यापाशी हात थांबला,
तेवढ्यात दूध उतू गेल्याचा वास आला.

मग बादली आणि फडकं घेऊन
सात नंबर आवरायला गेले.
उशीवर एक लांब काळा केस.
पाहुण्यांचे उचलते
तसा, चिमटीत, उचलला.