माया, दीड इंच

डिसेंबर लागला की बिराजदार यायचे.
हातात पिशवी, पिशवीवर आमच्याच दुकानाचं जुनं नाव.
तेव्हा आम्ही साखर पेठेत होतो, आता कन्ना चौकाच्या मागं.
"व्यंकटेश, यंदा काय चाललंय बे जगात?"
जग म्हणजे
कोटाच्या कॉलरची पात किती बोटं.

टॉवेलचा धंदा त्यांचा. जानेवारीत फ्रँकफुर्टला प्रदर्शन.
तिथली माणसं आधी खांदा बघतात
आणि मग टॉवेलचा काठ, असं त्यांचं ठाम मत.
सूट मात्र तीनच. निळा, राखाडी,
आणि एक तपकिरी, जो कुठल्याच सालात फॅशनमध्ये नव्हता,
म्हणून कधी जुनाही झाला नाही.

सत्त्याऐंशीत निळ्याला सहा बटणं लावली.
पुढं खांद्यात उशा भरल्या,
त्याच्या पुढं उशा काढल्या, त्या अजून माझ्या डब्यात आहेत.
सहा बटणांचा कोट दोन बटणांचा होत नाही, मी सांगितलं.
ते म्हणाले, "होतो की."
झाला.
आतून बघू नका.

मग पोरांनी सगळं अंगाला चिकटवलं.
पँटची मोरी सोळाची चौदा, चौदाची तेरा.
बिराजदार आरशासमोर उभे, मांड्या आवळलेल्या,
"बसता येईल का?"
"बसायचं नाही, साहेब. उभं राहून ऑर्डर घ्यायची."

आता परत सैल आलंय.
मला हसू येतं, कारण मी कापलं काहीच नव्हतं.
सगळं आत दुमडून ठेवलेलं,
दर शिवणीत दीड इंच माया.
आमचे नाना मागावर बसायचे, पाय खड्ड्यात, मान ताण्यावर.
तेलुगूत एकच गोष्ट सांगायचे:
कापलेलं वाढत नाही.
बाकी कशावरच बोलायचे नाहीत.

लोक विचारतात, सोलापुरात सूट कोण घालतंय?
खरंय. मे महिन्यात इथं इस्त्रीला कोळसा लागू नये.
नवरदेव घालतो, तोही रिसेप्शनपुरता,
आणि फोटो झाला की कोट मेव्हण्याच्या हातात.
माझं पोट शाळेच्या गणवेशावर चालतं.
खाकी, आकाशी, खाकी, आकाशी,
आणि वर्षातून एकदा हे तीन सूट,
तेव्हा मी टेबल दोनदा पुसतो.

यंदा ते आले नाहीत. पिशवी आली, मग फोन.
गुडघ्याचं ऑपरेशन, जिना बंद.
"फ्रँकफुर्टला पोरगी जाणार.
पण सूट तयार पाहिजे. कपाटात जुना सूट नको, झोप येत नाही."
माप?
"तुझं-माझं माप एकच की रे. छाती चाळीस.
तूच घाल. दाखव मला."

सदतीस वर्षं शिवले,
अंगात कधी घातला नव्हता.
नागेशनं मोबाईल धरला, मी निळा चढवला,
बाहीतून हात बाहेर आला
तो थोडा वेळ दुसऱ्याचाच वाटला.
पडद्यावर बिराजदार, गंजीफ्रॉकमध्ये, उशीला टेकून.
"वळ."
वळलो.
"हात वर कर."
केला. गळ्यात टेप तसाच होता.
"पाठीत चुणी पडतेय."
"पाठ माझी वाकडी आहे, साहेब. सूट सरळ आहे."
ते काही बोलले नाहीत.
मागं त्यांच्या घरात कुणीतरी शेंगा कुटत होतं,
ते ऐकू येत राहिलं.

मग म्हणाले, "खांद्यात बसलाय.
आरशात बघितलंस का?"

नागेश हसत होता. बाहेर शाळा सुटली होती.
आरसा माझ्या पाठीमागंच होता, तीस वर्षं गिऱ्हाइकांसाठी ठेवलेला,
वरच्या कोपऱ्यात पारा उडालेला.

"बघतो," म्हटलं. "आधी बाहीचा टाका बघू द्या."