सूतभर

दगूनाना शिरसाठ अजून सुतात बोलतात.
"दोन सूत खा तिकडून," म्हणायचे नव्या पोराला,
आणि पोरगं मोबाइलवर शोधायचं
सूत म्हणजे किती मिलिमीटर.

आता आमच्या टेबलावर मायक्रॉन आहेत.
अंबडच्या या गल्लीत, चिवड्याच्या भट्टीमागे,
तपासणीच्या खोलीत बारा महिने वीस अंश.
बाहेर एप्रिल पत्र्यावर चढून बसलेला,
आत मी स्वेटर घालून
एका भोकाचा व्यास बघते.

भोक डेन्मार्कला जातं.
तिथून एका चार मजली इंजिनात,
ज्याचा फोटो मंत्रीशेठनी ऑफिसात लावलाय
गणपतीच्या शेजारी, त्याच उंचीवर.
सात वर्षं तेच ड्रॉइंग.
भोकातून जायचं जाड काळं तेल,
डांबराचा सख्खा भाऊ,
तापवल्याशिवाय जागचं न हलणारं.

फेब्रुवारीत नवं ड्रॉइंग आलं.
आता मिथेनॉल. पातळ,
अंगात वंगणाचा थेंब नाही,
धातूवर धातू कोरडा घासणार.
म्हणून फट कमी करा, म्हणाले,
चारवरून अडीच.
आणि दर कमी करा, सहा टक्के,
कारण जहाज कोरियात बांधलं जाणार
आणि तिकडचेही भोक पाडतात,
बरं पाडतात.

सोबत एक तक्ता होता.
प्रत्येक नगामागे कार्बन किती, ग्रॅममध्ये.
पोलाद कुठलं. कापताना वाया किती.
कामगार कशाने येतात.
मी लिहिलं: सिटीबस, स्कूटर, वाघेरे पायी.
वीज कुठून येते.

इथे पेन थांबलं.
नाशिकला समुद्र नाही.
आमच्याकडे लहर एकच, तीही एकलहरे.
जेलरोडच्या गच्चीवरून कपडे काढताना
तिच्या चिमण्या दिसतात, न उडणाऱ्या.
माझा मावसभाऊ तिथे राखेच्या पाइपांवर असतो.
लग्नाला आला, हात मिळवला,
तर माझी बोटं करडी.
त्याचा कोळसा मी दशांशानंतर
तीन घरांपर्यंत मांडला.
उगाळावा तितका काळा, म्हणतात.
मोजावा तितका हलका होतो का,
बघत होते.

जहाजाचा धूर धुवायचा
तर आधी भोकाचा धूर धुवा.
पटलं मला. खरंच पटलं.
फक्त धुण्याचं पाणी कोणाच्या नळाचं,
तो रकाना नव्हता.

पहिल्या लॉटचे चाळीस नग. एकतीस बाद.
मंत्रीशेठनी दगूनानांना घरून बोलावलं.
औषधांची पिशवी मनगटाला तशीच लटकलेली,
त्यांनी एक नग गालाला लावला.
"ऊब आहे अजून," म्हणाले,
"रात्रभर निजू द्या. शेवटचा हात उद्या मारा."
दुसऱ्या दिवशी चाळिसात सहा बाद.
"सूत जुळलं," एवढंच बोलले
आणि रिक्षाचे साठ रुपये मागून घेतले.

हेनिंगला अहवाल पाठवला.
उत्तर आमच्या दुपारी आलं, त्याच्या सकाळी.
अभिनंदन. दराचं मात्र बघा.
आणि सहीच्या वर एक ओळ, नेहमी नसणारी:
पुढच्या महिन्यापासून इथे लिहू नका.
हा विभाग बंद होतोय.
एकोणीस वर्षं मी भोकंच तपासली.

मी त्याला पाहिलेलं नाही.
एकदा त्याने माझे बाराशे नग परत पाठवले,
त्या रात्री कुकरच्या शिट्ट्यांच्या आडून
मी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या होत्या.
आता काय लिहावं कळेना.
लिहिलं: तुमच्या खोलीतही वीसच अंश का?

वीसच, म्हणाला. बाहेर चार.
उकडतं. मी स्वेटर काढून बसतो.

बराच वेळ मी ती ओळ पाहत होते.
मग तक्ता परत उघडला,
मंत्रीशेठ दारात उभे होते.
सहा टक्के कुठून काढायचे?
बस, स्कूटर, वीज, पोलाद,
रकान्यावरून बोट खाली खाली.
वाघेरे तर पायीच येतो.