घिस्सा की ढाक

खासबागेतलं मैदान सुटलं की
अंगाला माती लागलेली माणसं घरी जातात
आणि माती न लागलेली आम्ही
गंगावेशीत, दूधकट्ट्यावर, कुस्ती धरतो.

सलामी शौकत बागवानाची.
'निवेदक म्हंजे वडणग्याचे मुरलीधर मास्तर.
बाकी सगळी लग्नात आहेर पुकारणारी.'
मास्तर डाव सांगायचे ते फळ्यावर लिहिल्यासारखे:
'पट म्हणजे पायाला घातलेला प्रश्न, मंडळी,
त्याचं उत्तर कमरेत शोधायचं असतं.'
आणि पंधरा हजार माणसं
छडी दिसल्यासारखी गप्प.

पिराजीनं ग्लास खाली ठेवला.
उद्यमनगरात लेथवर असतो, एका सुताचा फरक त्याला सहन होत नाही.
'मास्तर डाव झाल्यावर सांगायचा, लका.
इकबाल कंडक्टर आधी सांगायचा.
तीस वर्षं यष्टीत काढलेला गळा त्यो.
पैलवानांची गावं पुकारायला लागला,
म्हाकवे, बानगे, आणूर, सिद्धनेर्ली,
की त्या त्या गावचं माणूस
जागेवरनं उठून पिशवी चाचपायचं.'

'आणि देणग्या?' शौकत उसळला.
'कलाजंग लागलाय, गडी हवेत हाय,
आणि तुझा कंडक्टर सांगतोय,
जयहिंद मसाला कांडपकडनं रुपये एकशे एक!
गडी खाली यायच्या आत पावती फाडली त्यानं.'
'मग? खुराक काय व्याकरणाचा करायचा?'

मी कुणाच्याच बाजूचा नाही.
लहानपणी मला मैदानात कुणी नेलं नाही.
आमच्या पत्र्यावर बसून मी नुसता कर्णा ऐकायचो,
तोही वारा सरळ असला तर.
'आणि आता पैलवानानं उजवा हात...'
पुढचं वारा घेऊन जायचा.
किती कुस्त्या माझ्याकडं अजून तशाच पडून आहेत,
उजवा हात उचललेल्या.

मग नेहमीसारखी भैरूची कुस्ती निघाली.
भैरू म्हातुगडे, बाराव्या मिनिटाला, घिस्सा डावावर चीत.
'घिस्सा असा, मंडळी, की मातीनं अंग चोरलं!'
हे वाक्य मास्तरांचं, शौकत म्हणाला.
कंडक्टरचं, पिराजी म्हणाला. शप्पथ घेतली. आईची.
दोघं एकमेकांच्या कॉलरपर्यंत आले.

भैरू तिथंच होता.
म्हशीच्या कुशीला कपाळ टेकून धार काढत होता.
चरवीतला आवाज थांबला.
'घिस्सा न्हवता त्यो,' म्हणाला. 'ढाक होती.'

कुणी काही बोलेना.

'उताणा पडलो. वर आभाळ आणि खांबावर कर्णा.
कर्णा म्हणाला घिस्सा.
माझ्या पाठीला ठावं होतं, ढाक हाय.
पर सगळं मैदान घिश्शाला टाळ्या देत होतं,
मग पाठीचं कोण ऐकतंय?
रात्री वस्तादानं इचारलं, कशावर गेलास?
घिश्शावर.
लग्न ठरवताना सासऱ्यानं इचारलं.
घिश्शावर.
दोन वर्सं मान मोडून घिश्शाची तोड शिकलो.
पुढल्या मैदानात,'
इथं त्यानं म्हशीच्या पाठीवर थाप मारली,
'परत ढाकंवरच गेलो.'

हसावं की नाही, कळेना.
ग्लासातला फेस बसत गेला.

पिराजी खाकरला. 'म्हंजे मास्तरच असणार त्यो.
पुस्तकी माणूस.'
'छट्! कंडक्टर!' शौकत ओरडला.
'पावती फाडायच्या नादात डाव चुकला असंल त्याचा!'

आणि कुस्ती नव्यानं लागली,
या खेपेला वाक्य दुसऱ्याच्या गळ्यात घालायची.

'भैरूअण्णा, तुम्हीच सांगा,' मी विचारलं,
'आवाज कुणाचा होता?'
त्यानं चरवी उचलली, कट्ट्यावर ताठ उभा राहिला,
डावा हात कानाशी नेला, कर्ण्यासारखा:

'मंडळी, इकडं लक्ष द्या!
बागवान आणि मंडळींकडनं
दुधाचे रुपये दोनशे चाळीस
येणं बाकी हाय!'

म्हशीनं कान हलवला.
पंचगंगेकडनं वारा होता, सरळ.
पहिल्यांदाच वाक्य पुरं ऐकू आलं.