उधारीची वही

झोंब्याहून निघालो तेव्हा माझ्याकडे सगळं होतं:
क्लोरीनची चाळीस खोकी,
लाल ठिपक्यांचा नकाशा,
आणि पटकीवर लिहिलेलं अकरा पानी नियोजन.

काठावर पोचलो, तर काठच नव्हता.
नकाशा तीन वर्षांमागचा;
चिल्वा सरोवर तेवढ्यात दोन किलोमीटर आत सरकलेलं,
कुणाची मंजुरी न घेता.

चिखल, मग डोंगी, मग पाणकणसाचं रान,
आणि रानापलीकडे तरंगती घरं:
गवतावर गवत, त्यावर झोपडी,
छपरावर मासे वाळत घातलेले.
घराखाली पाणी. त्याच पाण्यात सगळं,
आणि तेच पाणी मडक्यात.

मी घरांना क्रमांक दिले, निळ्या रंगात,
एक ते त्रेसष्ट.
रात्री वारा सुटला.
सकाळी चौदा नंबर एकोणसाठला खेटून उभा,
बावीस तर दिसेचना.
कोळी हसले नाहीत.
हसले असते तर बरं झालं असतं.

ते म्हणत, हे औषध पुरुषाला पुरुष ठेवत नाही.
म्हणत, सरकारला सरोवर रिकामं हवंय.
मी भाषण केलं. दोनदा.
खोकी जागची हलली नाहीत.

तिसऱ्या पहाटे लास्टन गेला.
सोळा वर्षांचा. संध्याकाळपर्यंत जाळं सांधत होता.
मी सलाइन घेऊन पोचलो
ते काल त्याचं घर होतं तिथं.

अबिती सैदीचं चहाचं दुकानही तरंगतंच.
तिनं न विचारता पेला पुढं केला.
"नाव काय तुझं?"
तियांकुलेंजी.
"म्हणजे 'काय बोलावं?' आणि तरी एवढं बोलतोस!"
मग म्हणाली, "मोजतोस काय दिवसभर?"
घरं.
"घरं आजारी पडतात होय?"

पत्र्याच्या डब्याखालून तिनं वही काढली.
तेलकट, कडा माशांच्या वासाच्या.
"जाळी टाकायच्या आधी, चारला, सगळे इथं येतात.
जो येत नाही तो बाजाराला गेलेला असतो,
नाहीतर माझ्याशी भांडलेला,
नाहीतर आडवा."
बोट एका ओळीवर थांबलं.
"लास्टन. परवा दोन चहा. काल काहीच नाही.
मला कळलं होतं रे.
कुणाला सांगायचं, ते नव्हतं कळलं."

नकाशाची पाठ कोरी होती.
त्यावर आम्ही नावं लिहिली, जागा नाही.

पुढं मी फारसं काही केलं नाही.
जळण आणून दिलं.
पाणी ती उकळायची; बाकीच्या मडक्यांत थेंब किती, तेही तीच ठरवायची,
एकदा मी जास्त टाकले तर चमचा हिसकावला.
मीठसाखरेच्या पुड्या मासे घेणाऱ्या बायकांच्या टोपल्यांतून गेल्या.
औषधाच्या पाण्याचा पहिला पेला, भर सभेत, मक्विंजाला:
बायको आठव्यांदा गरोदर,
त्याच्या पुरुषपणाची शंका कोण घेणार?
तेव्हा मात्र सगळे हसले.

पटकी लगेच गेली नाही.
आणखी चार नावं खोडली.
त्यांची उधारी तिनं खोडली नाही,
म्हणाली, तेवढं राहू दे.

जिल्ह्याच्या बैठकीत विचारलं,
हे जळण कोणत्या शीर्षाखाली?
मी म्हटलं, सर्वेक्षण.
'मोहिमेचे प्रमुख' असा एक रकाना होता.
माझं नाव लिहायला घेतलं,
दोन अक्षरांवर पेन थबकलं,
आणि ती दोन अक्षरं अजून तशीच आहेत फायलीत.

एका रात्री मलाच ताप भरला.
चारला जाग आली नाही.
साडेचारला कुणीतरी वल्ह्यानं
माझ्या झोपडीची भिंत ठोकली:
"ब्वाना, तुमच्या नावावर आज चहा नाही.
आहात ना?"