हेलकावा

बत्तीस वर्षं कीलुंगच्या धक्क्यावर
क्रेनच्या काचेच्या खोलीत बसून
मी लोकांची ओझी उचलली.
निवृत्तीला घड्याळ मिळालं
आणि पुढच्याच आठवड्यात डॉक्टरांची चिठ्ठी:
झोप नाही, श्वास वरवरचा.
चिनयेह म्हणाली, घरात येरझाऱ्या घालू नकोस,
कुणाकडे तरी बसायला शिक.

साठी उलटल्यावर
शाळा शोधत निघालो.

स्टेशनामागे चौथ्या मजल्यावर फान गुरुजींचं केंद्र.
भिंतीवर नऊ पायऱ्यांचा तक्ता, पायरीपुढे रक्कम.
सातवीपुढे मात्र 'प्रत्यक्ष भेटून'.
त्यांनी लांबूनच तळहात ढकलला,
चार शिष्य धडाधड मागे कोसळले.
मी उभाच.
"तुमच्यात अडथळा आहे," ते म्हणाले.
असेल. शहाण्णव किलोंचा आहे.

मग डोंगरावरचा मठ,
डोक्यावर अंबाडा, मधासारख्या आवाजाचा तरुण पुजारी.
बेंबीखाली तीन बोटांवर चूल आहे म्हणाला,
श्वासाची फुंकणी लावा, ची जागी होईल.
तीन महिने फुंकली.
जागं झालं ते आम्लपित्त.
विचारायला गेलो, तर त्यानं पोथीतलं तेच पान
जरा मोठ्यानं वाचलं.

"मासळी घेताना कल्ले उघडून बघतोस,"
चिनयेह भांडी विसळत म्हणाली,
"आणि गुरू नुसता बघून घेतोस?"

त्या रात्री आठवलं.
नव्या क्रेनवर चढण्याआधी
आकडा कुणी बघत नाही. आकडा रंगवता येतो.
बघायचा दोर.
तारेच्या दोरावरून चिंधी फिरवायची, हळू, अख्ख्या लांबीवर;
आत कुठे एक तार जरी तुटलेली असली
तरी ती चिंधीला धरते.

मग मी गुरू बघणं सोडलं
आणि जुने शिष्य बघू लागलो.
फानकडे बारा वर्षं काढलेला एक जण
हसण्याआधी वर बघायचा,
परवानगी आहे का म्हणून.
चिंधी अडकली.

मासळीबाजाराच्या मागे, उड्डाणपुलाखाली,
पहाटे सात माणसं उभी असतात
न दिसणारं झाड कवेत धरून.
शिकवते को सूछिन, बर्फाच्या कारखान्यात हिशेब लिहायची.
एक म्हातारा तिच्याशी गुडघ्यावरून भांडला.
तिनं खाली बसून त्याचा गुडघा चाचपला
आणि म्हणाली, खरंय, माझं चुकलं.
एक बाई दोन वर्षं दुसऱ्या गुरूकडे जाऊन परत आली होती.
को बाई एवढंच म्हणाली,
तिकडचं काय आणलंस? दाखव.

मी उभा राहिलो. हात थरथरले, ते चालेल.
पण मन! इकडून तिकडे, तिकडून इकडे.
म्हटलं, हे थांबत नाही.
"तुम्ही क्रेनवर होतात ना?
कंटेनर झुलायला लागला की काय करायचात?"

काय करायचो?
ओढून धरलं तर जास्त झुलतो.
तो जिकडे चाललाय तिकडेच गाडी न्यायची,
तो टोकाला पोचेल तेव्हा
आपण नेमके त्याच्या डोक्यावर.
मग तो उभा राहतो,
ओरडून दमलेल्या पोरासारखा.
हे शिकायला मला दोन वर्षं लागली होती.
शिकवणारा पै, सकाळीच प्यायलेला, आईवरून शिव्या देणारा.
त्याला कधी कुणी गुरुजी म्हटलं नाही.
मीसुद्धा.

"मग तेच करा," को बाई म्हणाली
आणि कुणाचं तरी कोपर खाली करायला निघून गेली.

फी महिन्याला तीनशे,
आणि पाळी आली की चहाचा थर्मास आणायचा.

बाई खरी आहे का, चिनयेह विचारते.
सांगतो, अजून माहीत नाही.
रोज पहाटे जातो.
चिंधी फिरवतोय.
अजून कुठे अडकलेली नाही.