पान सत्तेचाळीस

तलावाच्या पाळीखाली माझं एका खोलीचं दुकान:
झेरॉक्स, सातबारा, स्कॉलरशिप, रिचार्ज.
गल्ल्याच्या खणात एक लांब रजिस्टर,
त्यात अख्ख्या गावाच्या किल्ल्या.

कुणी हातात दिल्या नव्हत्या तशा.
फॉर्मला ईमेल लागायचा, मीच उघडायचो,
बारशाच्या आत्यासारखं मीच नाव ठेवायचो,
पासवर्डही तेच नाव, पुढं एक दोन तीन,
आणि खाली मोबाईल नंबर माझाच.
कोतवालाचा तसा, आशाताईचा तसा.
"भोजूभाऊले ठाव हाये ना,
मंग मले कायले पायजे?"

मी चोर नव्हतो.
फक्त रोवणीला गाव रिकामं झालं की
पंख्याखाली बसून कुणाचं तरी उघडायचो.
पाणी मागायला दारात थांबावं
आणि नजर चुलीपर्यंत जावी,
तेवढंच.

मंजूषा वलथरे आली. पान सत्तेचाळीस.
तिचं नर्सिंगचं पत्र यायचं होतं.
"भाऊ, पासवर्ड बदलाचा हाये. नंबर बी."
"सांग, टाकतो."
"नाही. मीच टाकतो.
तू तिकडं तोंड कर जरासाक."

दहा वर्षांत हे कुणी म्हटलं नव्हतं.
भिंतीवर खताच्या कंपनीचं कॅलेंडर,
एका तारखेवर पालीची शेपटी.
मागं बटणं वाजत होती, सावकाश,
बापाचं फाटलं जाळं विणणारी बोटं,
एकेक गाठ ओढून पाहणारी.
सोळा.
मी मोजत होतो, हे मला सोळाव्यालाच कळलं.

रात्री शटर अर्धं ओढलं.
तिचं नाव टाकलं. बापाचं. तलावाचं.
मेलेल्या बकरीचंही टाकलं
(तेही मला तिच्याच पत्रांतून माहीत).
पडदा थांबला आणि त्यानं विचारलं:
हे तुम्हीच आहात का?

मी माऊसवर हात ठेवून बसलो.
तलावापलीकडे ढिवरटोलीत
एक फोन उजळला असेल.

सकाळी आली. ओरडली नाही.
"राती साडेदहाले माया दारात कोनी आल्तं.
मले विचारलं, तूच हायेस का?
मी म्हनलं, मी नोहो."
बोलताना ती संगणकाकडे बघत नव्हती.
मग हात पुढं केला.
रजिस्टर मीच काढून दिलं.

शिवलेल्या वहीचं एक पान ओढलं
की त्याचं जोडपान सैल होतं.
ती गेल्यावर ते माझ्या मांडीवर पडलं:
दुर्योधन मास्तर, पेन्शन, एक दोन तीन.

दुपारी ते घेऊन मास्तरांच्या ओसरीवर गेलो.
फोन त्यांच्या हातात दिला, चष्माही शोधून दिला.
"काय ठेवू रे भोजू?"
मी सांदवाडीतल्या शेवग्याकडं तोंड केलं.
"मले सांगू नका, मास्तर."
ते मोठ्यानं एकेक अक्षर उच्चारू लागले,
आणि मी कानावर हात ठेवले.