तडा

नारिनच्या बाजारात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान.
जिपारबाई मंगळवारी येतात.
चाळीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं,
आता काच तडकलेल्या फोनवरून
अख्ख्या गावाला शिकवतात:
गुरूचा नवा चंद्र,
मिठावर चालणारी बॅटरी,
संसदेत रात्री दीडला उरकलेलं मतदान.
खाली कोणी लिहितं, "बाई, बटाट्याचा भाव सांगा."
त्या तोही सांगतात.

मार्चमध्ये एकदाच घसरल्या.
वरचं धरण फुटलं म्हणे. व्हिडिओ होता,
पाणी होतं, किंकाळ्या होत्या,
आणि बाईंनी पाठवला, म्हणजे खराच.
रात्रभर मेंढरांसकट टेकडीवर कुडकुडलो,
तिलेकची आई माझ्या पाठुंगळीला,
आणि खाली नदी
आपल्या पात्रात, नेहमीच्या आवाजात,
आमच्यातलं काहीच न ऐकल्यासारखी.

व्हिडिओ परमुलखातला, सहा वर्षांपूर्वीचा.
सातशे जणांनी पुढे ढकललेला.
"चूक माझी. तपासलं नाही."
हे मात्र अकरांनीच.

मग बाई स्वतः निघाल्या,
बर्फाच्या चिखलातून, गमबूट घालून,
उरलेल्या सहाशे एकोणनव्वदांच्या दारी.
कुणी चहा दिला, कुणी कुत्रा सोडला.
वहीत खुणा करत गेल्या
हजेरी घ्यावी तशा.

काल विचारलं, किती राहिले?
फोन पुढे सरकवत म्हणाल्या,
"आधी ही काच बदल.
तारीख नेमकी तड्याखाली होती."

फेब्रुवारीत मीच म्हणालो होतो,
राहू द्या बाई,
चालतंय की अजून.